ग्रह जागच्या जागी ठेवण्याचा खटाटोप

अवकाशात भटकायचा गेम करायला घेतला की पहिली झटापट होते ती आकड्यांशी. यानं, ग्रहांचे रंग, संगीत हे सगळं नंतर. आमच्या गेममध्ये एक सूर्य, पाच ग्रह आणि अकरा चंद्र. खेळाडूनं जमिनीवरून यान उडवायचं, कक्षेत न्यायचं, दुसरीकडे उतरवायचं आणि तिथे तळ बांधायचा. मध्ये कुठेही लोडिंगचा पडदा येता कामा नये. ही शेवटची अट कागदावर एका ओळीत मावली, पण पुढचे जवळजवळ सगळे निर्णय तिच्यापायी घ्यावे लागले.

तयार गेम इंजिनं (ज्या सॉफ्टवेअरच्या पायावर गेम उभा राहतो ती) सहसा प्रत्येक वस्तूची जागा ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये ठेवतात; फ्लोट म्हणजे अपूर्णांक साठवायची नेहमीची पद्धत. त्यातले २४ बिट मूळ आकड्याच्या वाट्याला येतात, म्हणजे जेमतेम सात सार्थ अंक. एकक मीटर धरलं तर शून्यापासून १० किलोमीटरवर दोन शेजारच्या जागांमध्ये सुमारे १ मिलिमीटरचं अंतर असतं. १०० किलोमीटरवर ते ८ मिलिमीटर होतं, १,००० किलोमीटरवर ६ सेंटिमीटर. पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब आहे तितक्या अंतरावर, म्हणजे १४ कोटी ९६ लाख किलोमीटरवर, हेच अंतर १६ किलोमीटर होतं. सूर्य शून्यावर ठेवून तिथे यान हलवायला गेलात तर ते जागचं हलणार नाही, आणि हललंच तर एकदम १६ किलोमीटरची उडी मारेल.

पण एवढं लांब जाण्याच्या आधीच बिघाड दिसू लागतो. ६ सेंटिमीटरच्या टप्प्यात कॉकपिटमधले काटे थरथरतात, कारण त्यांचा आकार घडवणारे कोपरे, म्हणजे शिरोबिंदू, दर फ्रेमला वेगळ्याच बाजूला ढकलले जातात. उतरलेल्या यानाची गत त्याहून वाईट. पाय जमिनीत ३ सेंटिमीटर रुतलाय असं गेममधल्या फिजिक्सच्या कोडला वाटतं, तो त्याला बाहेर रेटतो, पुढच्या स्टेपला, म्हणजे हिशोबाच्या पुढच्या टप्प्याला, पाय ६ सेंटिमीटर वर असतो, मग तो पडतो आणि जास्त रुततो. दर फेरीला ऊर्जा वाढत जाते आणि दोन-तीन सेकंदांत शांत उभं असलेलं यान कोलांट्या खात आकाशात जातं. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या रॉकेट उडवायच्या गेमच्या खेळाडूंनी असल्या प्रकारांना ‘क्रॅकन’ या समुद्री राक्षसाचं नाव दिलं होतं. नाव चपखल आहे, कारण हा राक्षस प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी डोकं वर काढतो आणि टेस्टर बग नोंदवतो तेव्हा तो कधीच दिसत नाही.

उपाय जुनाच आहे. खऱ्या जागा ६४ बिटांच्या डबलमध्ये, म्हणजे दुप्पट रुंद फ्लोटमध्ये, ठेवायच्या आणि इंजिनला फक्त यानाभोवतीचं जग दाखवायचं. डबलमध्ये नेपच्यूनच्या अंतरावर, ४५० कोटी किलोमीटरवर, १ मिलिमीटरचा बारकावा मिळतो. यान इंजिनच्या शून्यापासून २ किलोमीटर लांब गेलं की सगळं जग तेवढंच मागे सरकवायचं आणि यान पुन्हा शून्यावर आणायचं. २ किलोमीटरच्या आत फ्लोटची चूक ०.१२ मिलिमीटरच्या वर जात नाही. याला फ्लोटिंग ओरिजिन म्हणतात. समजायला पाच मिनिटं पुरतात. निस्तरण्यात महिने जातात.

कारण जग सरकलं हे प्रत्येक यंत्रणेला कळवावं लागतं, आणि एखादी राहतेच. धुराचे कण जुन्या जागी राहिले की यानाच्या मागचा झोत मध्येच तुटतो. मोशन ब्लर (वेगात दिसणारी धूसरता) मागच्या फ्रेममधली जागा लक्षात ठेवतो, त्यामुळे एका फ्रेमपुरता अख्खा पडदा फासल्यासारखा दिसतो. डॉप्लरचा, म्हणजे वेगानुसार बदलणारा आवाज सगळ्यात मजेशीर. वेग जागेच्या फरकावरून काढला असेल तर एका स्टेपमध्ये, म्हणजे ०.०२ सेकंदात, २ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १०० किलोमीटर, आणि स्पीकरमधून जी किंकाळी येते ती ऐकल्याशिवाय कळायची नाही. आम्ही शेवटी डीबग बिल्डमध्ये (चुका शोधायच्या आवृत्तीत) जग दर सेकंदाला मुद्दाम सरकवायला लावलं. असं केलं की राहून गेलेली प्रत्येक गोष्ट पहिल्या दहा सेकंदांत बोंब मारते. ही सोय पहिल्याच आठवड्यात करून ठेवावी. वेगाचंही तेच: यान सेकंदाला कित्येक किलोमीटर धावत असेल तर त्याचा वेग इंजिनमध्ये शून्य ठेवायचा, खरा वेग डबलमध्ये जपायचा आणि आजूबाजूच्या वस्तू उलट्या दिशेनं न्यायच्या.

जागेचं सगळे सांगतात, वेळेचं कुणी सांगत नाही. गेमचं घड्याळ फ्लोटमध्ये असेल आणि दर स्टेपला त्यात ०.०२ सेकंद मिळवत असाल तर काय होतं ते कागदावर करून पाहा. घड्याळात २,६२,१४४ सेकंद झाले, म्हणजे तीन दिवस उलटले, की शेजारच्या दोन आकड्यांमधलं अंतर ०.०३१२५ सेकंद होतं. ०.०२ मिळवलं की उत्तर वरच्या आकड्याला चिकटतं आणि घड्याळ दीडपटीहून जास्त जोरात पळू लागतं. सहावा दिवस संपता संपता, ५,२४,२८८ सेकंदांवर, हे अंतर ०.०६२५ होतं. आता ०.०२ अर्ध्याहून कमी पडतं, बेरीज खालच्या आकड्यावरच राहते आणि घड्याळ थांबतं. ग्रह जागेवर उभे, यानाचं इंजिन मात्र इंधन पीत राहतं. पृथ्वीवरून मंगळाला कमीत कमी इंधनात जायचं तर सुमारे २५९ दिवस लागतात, तेव्हा सहा दिवसांत बंद पडणारं घड्याळ काय कामाचं? वेळ डबलमध्येच हवी. शेडरला (ग्राफिक्स कार्डावर चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) वेळ देताना ती एका तासावर गुंडाळून द्यावी, म्हणजे तास झाला की पुन्हा शून्यापासून, नाहीतर पाण्याच्या लाटा आणि ढग काही दिवसांनी धक्के देत चालतात.

डेप्थ बफरचं थोडक्यात. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यातली वस्तू किती लांब आहे हे तो लक्षात ठेवतो. २४ बिटांचा नेहमीचा बफर आणि जवळची मर्यादा १० सेंटिमीटर ठेवली तर १० किलोमीटरवरच्या दोन पृष्ठभागांत ६० मीटरहून कमी अंतर असल्यास कोण पुढे हे कार्डाला कळत नाही. समुद्र आणि किनारा एकमेकांतून लुकलुकतात. ३२ बिटांचा फ्लोट बफर घेऊन जवळचं १ आणि लांबचं ० असा उलटा क्रम लावला की प्रश्न जवळपास मिटतो. काम अर्ध्या दिवसाचं, पण सावल्या, धुकं, पाणी अशा डेप्थ वाचणाऱ्या प्रत्येक शेडरमधली तुलना उलटवायला विसरू नका.

आता आकार. आम्ही खऱ्याच्या एक दशांश त्रिज्येचे ग्रह घेतले. मुख्य ग्रह ६३७ किलोमीटरचा, पृष्ठभागावरचं गुरुत्व मात्र पृथ्वीइतकंच, ९.८१. यामागे आळस नाही, इंधनाचा हिशोब आहे. पृथ्वीवरून कक्षेत पोचायला हवा आणि गुरुत्व यांच्याशी झगडण्यातलं नुकसान धरून सेकंदाला साधारण ९.४ किलोमीटरचा वेगबदल लागतो. ३०० सेकंदांच्या विशिष्ट आवेगाचं (इंधन किती काटकसरीनं वापरतं त्याचं हे माप) इंजिन घेतलं तर उड्डाणाच्या वेळचं वजन वर पोचणाऱ्या वजनाच्या २४ पट हवं. एक दशांश ग्रहावर कक्षेतला वेग सेकंदाला २.५ किलोमीटर होतो, नुकसान धरून ३.४ पुरतात, आणि तेच गुणोत्तर ३.२ वर येतं. नवखा खेळाडू तासाभरात कक्षेत पोचतो. पृष्ठभागालगतची प्रदक्षिणाही ८४ मिनिटांऐवजी २७ मिनिटांत होते, म्हणजे वाट पाहण्याचा कंटाळा कमी.

या हातचलाखीची किंमत अशी की ग्रहाचं वस्तुमान शंभरावा भाग, आकारमान हजारावा, म्हणजे घनता दहापट. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पट असते. आमचा ग्रह ५५ पट जड पडला, ऑस्मियमहूनही दुपटीपेक्षा जास्त. खेळाडूला हे जाणवत नाही. जाणवतं ते वातावरण. तेही दहा पट आखूड केलं तर दर ८५० मीटरला दाब जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतो आणि यान हवेतून इतक्या झटकन बाहेर पडतं की पुन्हा आत येताना तापायलाही वेळ मिळत नाही. म्हणून हवेपुरता नियम मोडला: दाब तेवढा घटण्याची उंची ५.५ किलोमीटर आणि ७० किलोमीटरवर हवा संपली असं धरायचं. सगळ्या गोष्टी एकाच प्रमाणात लहान करायच्या हट्टानं गेम बरोबर होत नाही, फक्त विचित्र दिसतो.

कक्षांसाठी दोन पद्धती एकत्र लागतात. इंजिन चालू असताना किंवा हवेत असताना ०.०२ सेकंदांच्या ठरावीक स्टेपनं हिशोब; त्यात आधी वेग बदलायचा आणि मग त्या नव्या वेगानं जागा. त्वरण आधीच काढून ठेवलेलं असताना हा क्रम उलटा झाला तर बंद कक्षा दर फेरीला फुगत जाते, आणि हा बग दोन ओळींची अदलाबदल करून सुटतो हे कळल्यावर माणूस बराच वेळ गप्प बसतो. इंजिन बंद झालं की यान रुळावर टाकायचं, म्हणजे केप्लरच्या समीकरणानं थेट हव्या त्या वेळची जागा काढायची. समीकरण अंदाज सुधारत नेणाऱ्या न्यूटनच्या पद्धतीनं सोडवलं तर पाच-सहा फेऱ्या पुरतात, पण कक्षा फार लांबट असेल, उत्केंद्रता १ च्या जवळ गेली असेल, तर पहिला अंदाज चुकून उत्तर भरकटतं. अशा वेळी सुरुवात π पासून (३.१४) करायची, आणि १२ फेऱ्यांत जमलं नाही तर मुकाट्यानं दुभाजनाकडे, म्हणजे टप्पा दर वेळी अर्धा करत उत्तर शोधण्याकडे, वळायचं.

रुळावर असताना टाइम वॉर्प (गेममधला वेळ पटीनं पळवणं) हवा तेवढा वाढवता येतो असं वाटतं, आणि तिथेच पाय घसरतो. एक लाख पटीला एक स्टेप २,००० सेकंदांची. चंद्राच्या तुलनेत सेकंदाला ३० किलोमीटरनं जाणारी वस्तू तेवढ्यात ६०,००० किलोमीटर जाते. पृथ्वीच्या चंद्राचं प्रभावक्षेत्र, म्हणजे जिथे हिशोबात त्याचंच गुरुत्व धरायचं तो भाग, ६६,००० किलोमीटर त्रिज्येचं आहे, म्हणजे मधोमध गेलात तरी त्यात दोन-तीनच थांबे, आणि कडेनं गेलात तर एकही नाही. नकाशावर दिसणारी वाकलेली रेषा आणि यानाचा खरा मार्ग वेगळे झाले की खेळाडूचा विश्वास उडतो. म्हणून वॉर्प सुरू करण्याआधीच पुढची घटना नेमकी कधी आहे ते शोधून ठेवतो: प्रभावक्षेत्रात शिरणं, बाहेर पडणं, हवा लागणं, ठरवलेला बर्न (इंजिन चालवणं). शेवटची स्टेप बरोबर त्या क्षणी संपेल इतकी आखूड करायची. जमिनीजवळ आणखी एक जोड असतो. आमच्या ग्रहाचा दिवस सहा तासांचा, त्यामुळे विषुववृत्तावर जमीन सेकंदाला १८५ मीटरनं सरकते. खाली ग्रहाबरोबर फिरणारी चौकट आणि वर स्थिर चौकट वापरली तर बदलाच्या उंचीवर हा वेग मिळवायचा किंवा वजा करायचा असतो. विसरलं की यानाला तेवढा हिसका बसतो. हा बग आमच्याकडे तीनदा परत आला, दर वेळी नव्या वाटेनं: एकदा तुटलेल्या तुकड्यांना, एकदा यानाबाहेर लटकलेल्या अंतराळवीराला, एकदा सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेला खेळ, उघडताना.

जमीन बनवायची ती घनाच्या सहा बाजू फुगवून. प्रत्येक बाजू म्हणजे एक चौकोन, त्याचे चार, त्या चारांचे आणखी चार. आमच्या ग्रहाची एक बाजू १,००० किलोमीटरची. पंधरा वेळा विभागलं की तुकडा ३०.५ मीटरचा होतो. तुकड्यात ३३ गुणिले ३३ शिरोबिंदू, म्हणजे दोन बिंदूंत सुमारे ९५ सेंटिमीटर. तुकडा फोडायची मर्यादा त्याच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर आणि जोडायची अडीचपट अंतरावर ठेवली. दोन्ही एकाच अंतरावर ठेवल्या तर सीमेवर उभ्या असलेल्या यानाखालची जमीन फुटत-जुळत राहते. लहान-मोठ्या तुकड्यांच्या सांध्यात फटी दिसतात. त्यावर प्रत्येक तुकड्याला खाली लोंबणारी झालर लावणं हा गावठी पण टिकाऊ उपाय. घन नुसता फुगवला तर मधल्या चौकटी कोपऱ्यातल्यांच्या ५.२ पट मोठ्या निघतात; आधी टॅन्जंटनं कोन सारखे करून घेतले की सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान चौकटीतला फरक १.४ पटींवर येतो.

डोळ्यांना दिसणारी जमीन ग्राफिक्स कार्डावर आणि पायाला लागणारी जमीन प्रोसेसरवर, अशी वाटणी आम्ही सुरुवातीला केली होती. दोन्हीकडे तोच नॉइज (डोंगर-दऱ्या घडवणारं गणित), तेच आकडे, तरी यान कुठे १० सेंटिमीटर हवेत उभं, कुठे मातीत. शेडर लिहिणाऱ्यांत साइनवर आधारलेला एक ओळीचा हॅश (एका आकड्यातून विस्कळीत दिसणारा पण ठरलेला दुसरा आकडा काढणारं सूत्र) फार चालतो. त्यात साइनला प्रचंड आकड्यानं गुणून अपूर्णांक घेतात. साइनच्या शेवटच्या बिटातला फरक तो गुणाकार मोठा करतो, आणि प्रत्येक कार्ड वेगळा डोंगर काढतं. आता सर्वांत बारीक तुकड्यांची उंची फक्त प्रोसेसर काढतो, आणि हॅश सगळे पूर्णांकांचे.

इथून अपडेटचा विषय सुरू होतो, कारण ग्रह फाइलमध्ये नसतो, तो दर वेळी सीडमधून, म्हणजे एका बीज-आकड्यातून, नव्यानं घडतो. ही युक्ती आजची नाही. १९८४ साली ‘एलिट’नं ३२ किलोबाइट मेमरीच्या बीबीसी मायक्रोवर आठ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ तारे असे मोजक्या बीज-आकड्यांतून उभे केले होते. २०१६ च्या ‘नो मॅन्स स्काय’मधल्या ग्रहांची संख्या २ चा ६४ वा घात सांगितली जाते, ती सीडची रुंदी आहे, विविधता नव्हे. सीडमधून किती ग्रह निघतात यापेक्षा उद्या कोड बदलल्यावर तोच ग्रह निघतो का, हा प्रश्न जास्त महाग पडतो.

सर्वांत सोपी चूक अशी. एकच यादृच्छिक आकड्यांची माळ घ्यायची आणि तिच्यातून क्रमानं आकडे ओढायचे: आधी डोंगर, मग खडक, मग झाडं. पुढच्या आवृत्तीत एक नवं खनिज घातलं, त्यानं मध्येच एक आकडा जास्त ओढला, आणि त्याच्या पुढचं सगळं एक घर सरकलं. ग्रहावरचा प्रत्येक खडक हलला, आणि चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) मात्र ‘नवीन खनिज’ एवढंच. उपाय म्हणजे माळच नको. प्रत्येक गोष्टीचा आकडा स्वतंत्र हॅशमधून काढायचा: ग्रहाचा सीड, त्या गोष्टीचं नाव, चौकटीचे दोन निर्देशांक आणि क्रमांक. नवं खनिज आलं की त्याचं नाव वेगळं, हॅश वेगळा, बाकी कुणाला धक्का नाही.

दुसरा सापळा वजनांच्या तक्त्याचा. चार प्रकारचे खडक, प्रत्येकी २५ टक्के, आकडा ०.२५ च्या खाली आला तर पहिला, ०.५० च्या खाली दुसरा. त्याच वजनाचा पाचवा प्रकार घातला की सगळ्या सीमा सरकतात आणि नव्याशी काही संबंध नसलेले जुने खडकही आपसात रूप बदलतात. त्याऐवजी त्या जागेसाठी प्रत्येक प्रकाराचा ० ते १ मधला वेगळा आकडा काढा, वजनाला त्या आकड्याच्या लॉगनं भागा, चिन्ह उलटं करा, आणि ज्याचं उत्तर सर्वांत मोठं तो प्रकार निवडा. पाचवा भिडू आला तरी तो आपल्या वाट्याच्या २० टक्के जागाच जिंकतो. उरलेल्या ८० टक्के जागी पूर्वीचाच खडक राहतो.

तरीही कधीतरी डोंगरांचा नॉइजच बदलावासा वाटतो, आणि बदलावा. मग प्रत्येक ग्रहाला जनरेटरची, म्हणजे ग्रह घडवणाऱ्या कोडची, आवृत्ती चिकटवायची. खेळाडूनं ज्या ग्रहावर पाय ठेवलाय तो जुन्या आवृत्तीवर राहतो, न पाहिलेले ग्रह नव्या. किंमत म्हणजे जुना कोड जिवंत ठेवावा लागतो. तो वेगळ्या फोल्डरमध्ये गोठवलेला असतो, त्यातले बगही दुरुस्त करायचे नाहीत, कारण कुणीतरी त्या बगावर तळ बांधलेला असतो. दर बिल्डला प्रत्येक ग्रहावरच्या ठरलेल्या १,००० बिंदूंची उंची काढून त्यांचा हॅश जुन्या हॅशशी ताडला जातो; जुळला नाही तर बिल्ड नापास. हीच चाचणी कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) बदलल्यावर लाल झाली, कोडची एक ओळही न बदलता. नवा कंपायलर गुणाकार आणि बेरीज एकत्र करत होता, त्यामुळे शेवटचा बिट वेगळा. उंचीत त्यानं काही बिघडत नाही, पण ‘ही जागा समुद्रसपाटीच्या वर आहे का’ असल्या निर्णयात एखादं झाड उगवतं किंवा नाहीसं होतं. तेव्हापासून हो-नाहीचे सगळे निर्णय पूर्णांकांत घेतो, फ्लोटमध्ये फक्त दिसण्यापुरतं.

तळांच्या बाबतीत आम्ही आणखी एक टाका घातला. तळ बांधला की त्याखालची ६४ मीटर चौरस जमीन सेव्हमध्येच उतरवून ठेवायची: दर मीटरला एक उंची, ६५ गुणिले ६५ म्हणजे ४,२२५ नोंदी, प्रत्येकी २ बाइट. साडेआठ किलोबाइटही लागत नाहीत. कडेच्या २० मीटरमध्ये ती आजूबाजूच्या जमिनीत हळूहळू मिसळते. खेळाडूनं मुद्दाम ग्रह नव्या आवृत्तीवर न्यायचं बटण दाबलं तरी तळ छपरापर्यंत मातीत जात नाही. फार तर अंगणापलीकडे नवी दरी दिसते.

सेव्ह फाइलचे नियम कंटाळवाणे आहेत आणि ते मोडले की सगळ्यात जास्त शिव्या पडतात. पहिल्या चार बाइटांत आवृत्तीचा क्रमांक. प्रत्येक क्रमांकापासून पुढच्यापर्यंत नेणारं एक छोटं फंक्शन. १ वरून थेट ७ वर उडी मारणारं काही लिहायचं नाही, १ ते २, २ ते ३ असंच चढायचं. लिहिताना आधी तात्पुरत्या फाइलमध्ये, मग नाव बदलून जागेवर, म्हणजे मध्येच वीज गेली तरी जुनी शाबूत. यानाचे भाग यादीतल्या क्रमांकानं साठवू नयेत, नावानं साठवावेत. यादीत वर एक भाग घुसला की इंधनाच्या टाकीच्या जागी अँटेना येते आणि यान मधोमध मोडतं. भाग काढून टाकला असेल तर तेवढ्याच वजनाचा करडा डबा लावायचा. वजन बदललं तर गुरुत्वमध्य सरकतो आणि यान सरळ उडत नाही.

कक्षेतलं यान जागा आणि वेग म्हणून साठवायचं की कक्षेचे सहा आकडे म्हणून, हा वाद आम्ही आधी फुकटचा समजत होतो. एका अपडेटमध्ये ग्रहाचं वस्तुमान ४ टक्क्यांनी वाढवलं. ८० किलोमीटर उंचीच्या गोल कक्षेतलं यान जुन्याच जागी, जुन्याच वेगानं उघडलं, पण नव्या गुरुत्वाला तो वेग कमी. कक्षेचा खालचा बिंदू २७ किलोमीटरवर आला, म्हणजे हवेच्या खोल आत, आणि शांतपणे फिरणारी स्थानकं अर्ध्या फेरीत जळाली. सहा आकडे साठवले असते तर उंची तीच राहून वेग आपोआप वाढला असता. उतरलेल्या यानाचं तसंच: अक्षांश, रेखांश आणि जमिनीपासूनची उंची, ग्रहाच्या केंद्रापासूनची नव्हे.

इंजिनांचा जोर कमी करण्याचे अपडेट याहून नाजूक. दूरच्या चंद्रावर मोजून-मापून इंधन घेऊन उतरलेला खेळाडू, आणि रात्रीतून त्याच्या इंजिनाची कार्यक्षमता ५ टक्के घटली. परतीची वाट बंद. म्हणून प्रत्येक भागावर तो कधी बांधला त्या आवृत्तीचा शिक्का असतो. बदल फक्त नव्यानं बांधलेल्या यानांना. समतोल बिघडतो अशी तक्रार काही जण करतात. करू देत.

पॅचच्या आकारातही एक मेख आहे. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान फाइलचे साधारण १ मेगाबाइटचे तुकडे पाडतं आणि बदललेले तुकडेच खाली उतरवतं. पण अनेक गिगाबाइटची एकच पॅक फाइल असेल, ती सलग दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असेल आणि सुरुवातीला एक चित्र बदललं, तर त्यापुढचा प्रत्येक बाइट सरकतो, तुकडे सगळे नवे ठरतात, आणि दोन ओळींच्या दुरुस्तीसाठी लोकांना अख्खा गेम उतरवावा लागतो. प्रत्येक ॲसेट (चित्र, आवाज वगैरे) वेगळं दाबायचं, ठरावीक सीमेवर ठेवायचं, जुन्यांचा क्रम हलवायचा नाही, आणि नवा मजकूर नव्या पॅकमध्ये.

प्रकाशाबद्दल एवढंच: नेपच्यूनच्या अंतरावर ऊन पृथ्वीच्या नऊशेवा भाग उरतं. ऐकायला काळोख वाटतो, पण ते साधारण दीडशे लक्स भरतं, म्हणजे दिवा लावलेली खोली. एक्स्पोजर आपोआप जुळवलं तर खोटं काही करावं लागत नाही. तारे मात्र खोटे ठेवले. उन्हातल्या जमिनीला एक्स्पोजर जुळवलं की खऱ्या फोटोत तारे उमटत नाहीत, आणि काळंकुट्ट आकाश कुणालाच आवडत नाही.

अपडेट बाहेर सोडण्याआधी ते वेगळ्या बीटा शाखेवर जातं. आमच्याकडे प्रत्येक जुन्या आवृत्तीतल्या सेव्ह जपून ठेवलेल्या आहेत, मुद्दाम अर्धवट तोडलेल्याही. यंत्र त्या एकेक उघडतं, दहा सेकंद चालवतं आणि तीन गोष्टी बघतं: इंजिन बंद असलेल्या यानाची ऊर्जा बदलली का, उतरलेलं यान हललं का, तळाचा कुठला खांब जमिनीत गेला का. यातलं एक जरी घडलं तरी थांबायचं. आणि नव्या आवृत्तीत सेव्ह पहिल्यांदा उघडताना तिची प्रत जुन्या आवृत्तीचा क्रमांक नावात घालून बाजूला पडते. बिल्ड मागे घेणं एका क्लिकचं काम आहे, पण नव्यानं लिहिलेली सेव्ह जुना गेम वाचू शकत नाही. मागे फिरलेल्या खेळाडूला त्या प्रतीपासूनच सुरू करावं लागतं, आणि ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे एररच्याच चौकटीत लिहिलेलं असतं.